गैरमर्जीचा दगड

(दृश्य : फ्रीडर्सडॉर्फ. दगडावरच्या अक्षरांवरून हळू सरकणारा कॅमेरा)

बर्लिनच्या पूर्वेला, ओडर नदीच्या अलीकडे फ्रीडर्सडॉर्फ हे खेडं. तिथला हा दगड. त्यावर कोरलंय : 'फ्रेडरिकचा पराक्रमाचा काळ पाहिला, त्याच्या सगळ्या युद्धांत त्याच्यासोबत लढला. जिथे आज्ञा पाळण्यात मान नव्हता, तिथे गैरमर्जी पत्करली.' हा फ्रेडरिक म्हणजे प्रशिया या जर्मन राज्याचा राजा.

योहान फ्रीडरिक आडोल्फ फॉन डेर मार्विट्झ. जन्म 1723, याच गावच्या जमीनदार घराण्यात. प्रशियात अशा घरातल्या मुलांची वाट ठरलेलीच असायची : घोडा, तलवार, राजाची चाकरी. मार्विट्झ तर गेन्सदार्म्स या मानाच्या घोडदळाचा कमांडर झाला.

(दृश्य : शार्लोटेनबुर्ग महाल, संगमरवरी पुतळे)

ऑक्टोबर 1760. सात वर्षांचं युद्ध ऐन भरात. रशियन आणि ऑस्ट्रियन फौजा बर्लिनमध्ये शिरल्या, सोबत शेजारच्या सॅक्सनी राज्याचे सैनिक. राजाचा हा लाडका महाल लुटला गेला. प्राचीन पुतळे फोडले. फ्रेडरिक संतापला, आणि सूड घ्यायला त्याला सॅक्सनीच्या शासकाचा महाल आठवला.

(दृश्य : हुबर्टुसबुर्ग. लांबलचक दर्शनी भाग, मग आतल्या रिकाम्या खोल्या)

हाच तो. शिकारीसाठी बांधलेला, पण थाट राजधानीचा. 1761 मध्ये हुकूम सुटला : लुटा. साल्डर्न या सेनानीनं नकार दिल्याचं सांगतात. मार्विट्झच्या घराण्यात सांगत आले ते असं, की हुकूम त्यालाही झाला आणि तो म्हणाला, हे काम भाडोत्री पलटणीच्या अधिकाऱ्याला शोभेल, महाराजांच्या गेन्सदार्म्सच्या कमांडरला नाही.

काम भाडोत्री पलटणीनंच केलं. तिचा म्होरक्या गिशार, मोठा विद्वान माणूस! एका रोमन नावावरून राजाशी वाद घातला, म्हणून राजानं तेच नाव त्याला चिकटवलं : क्विंटुस इचिलिउस. त्याच्या माणसांनी भिंती उघड्या केल्या, छपराचं तांबंही गेलं. चॅपल तेवढं राहिलं. ते अजून असं आहे.

मार्विट्झवर मर्जी खप्पा झाली. त्यानं पुढे राजीनामा दिला. 1781 मध्ये तो वारला.

(दृश्य : हुबर्टुसबुर्गचं अंगण)

15 फेब्रुवारी 1763 ला युद्ध संपवणारा तह झाला, तो याच लुटलेल्या महालात.

(दृश्य : पुन्हा दगड)

दगड मार्विट्झच्या पुतण्यानं बसवला, तोवर फ्रेडरिक कधीच गेला होता. हा पुतण्याही 1811 मध्ये सरकारच्या सुधारणांना विरोध केला म्हणून श्पांडाउच्या किल्ल्यात कैदेत होता. अर्थात त्याचं भांडण जमीनदारांच्या हक्कांसाठी होतं, हेही सांगायला हवं.