पायरोची छटा आणि फिक्सरची निवड

पडद्यावर दिसणाऱ्या या निगेटिव्हमधली सगळी चांदी पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) द्रावणात विरघळवून काढलेली आहे. तरीही जिन्याच्या पायऱ्या आणि भिंतीला टेकलेली सायकल फिकट पिवळट-हिरव्या रंगात ओळखू येते. पायरोगॅलॉल (थोडक्यात पायरो) हा डेव्हलपर, म्हणजे प्रकाश पडलेल्या जागी फिल्ममधली चांदी उघडी करणारे रसायन, हे काम करताना स्वतः ऑक्सिडाइझ होतो आणि त्यातून निघालेली द्रव्ये तिथल्याच जिलेटिनला (चांदी धरून ठेवणाऱ्या थराला) रंगवतात व कडक करतात. म्हणून चांदी जितकी दाट, तितका रंगही गडद. तो निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे प्रिंट काढताना चांदीच्या जोडीने त्याचाही हिशेब धरावा लागतो.

डेव्हलपिंगनंतर फिल्ममधले उरलेले चांदीचे क्षार काढून टाकणारे द्रावण म्हणजे फिक्सर. आम्लधर्मी फिक्सरने ही छटा उतरते, सबब अल्कधर्मी फिक्सरच हवा, असे पायरो वापरणारे अनेकजण आग्रहाने सांगतात. आमच्या मते या आग्रहात थोडी अतिशयोक्ती आहे. टाळायचा तो तुरटीयुक्त हार्डनर (जिलेटिन कडक करणारे द्रव्य) असलेला फिक्सर. तुरटीचे काम आम्लातच होते, आणि जिलेटिन पायरोनेच कडक झालेले असताना ती घातली, तर हाती काही लागत नाही, उलट फिल्म धुवायला वेळ जास्त लागतो. लिटरमागे 250 ग्रॅमचा साधा हायपो चालतो खरा, पण आजच्या टॅब्युलर ग्रेनच्या (चपट्या स्फटिकांच्या) फिल्मना तो फार सावकाश साफ करतो. त्यामुळे निवड उरते ती हार्डनर नसलेल्या, अमोनियम थायोसल्फेटच्या रॅपिड फिक्सरची.

अल्कधर्मी फिक्सर घेतल्यास एक पथ्य मात्र पाळावे. त्यात डेव्हलपिंग आपोआप थांबत नाही, म्हणून फिल्म त्याआधी दोन-तीनदा पाणी बदलून नीट खळबळून घ्यावी. (हातमोजे हवेतच, पायरो विषारी आहे.)

शंका राहिलीच, तर एकाच दृश्याच्या, सारख्या एक्स्पोजरच्या दोन फ्रेम एकत्र डेव्हलप करून वेगवेगळ्या फिक्सरमध्ये टाकाव्यात, धुवाव्यात आणि मग दोन्हींतली चांदी काढून लाइट टेबलवर शेजारी-शेजारी ठेवाव्यात. नुसत्या डोळ्यांनी चांदीआडचा रंग जोखता येत नाही, म्हणून हा खटाटोप. दोन्हीकडे सायकल सारखीच पिवळी दिसली, तर कपाटातला आहे तोच फिक्सर वापरावा. अल्कधर्मी फिक्सरचा अमोनियासारखा उग्र वास सोसत बसण्याचे कारण नाही.