माव्याचं काय करायचं?

मिल्कवीड, म्हणजे फुलपाखरांसाठी लावतात ते चिकाचं झाड; त्यावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पानांखाली पिवळे किडे झालेत, काय फवारू?" माझं उत्तरही ठरलेलं: काहीच नको. त्यावर लोक जरा नाराज होतात. फवारणीची बाटली आणि प्रमाण सांगितलं असतं, तर त्यांचं समाधान झालं असतं.

पण मुळात आपण हे झाड लावतो कशाला? अळ्यांनी ते खावं म्हणून. मोनार्क काय किंवा प्लेन टायगर काय, या फुलपाखरांच्या अळ्या याच कुळातल्या चिकाच्या झाडांवर वाढतात. मग किडे मारायचं औषध त्या पिवळ्या किड्यांना, म्हणजे माव्याला, तेवढं मारेल आणि अळीला सोडेल, असं कसं होईल? मी स्वतः एकदा कडुनिंबाचं तेल मारलं होतं, 'नैसर्गिक आहे' म्हणून. दोन-तीन दिवसांत मावा कमी झाला आणि पाच अळ्या काळ्या पडून पानांना लटकलेल्या दिसल्या. मावा पुन्हा आला. अळ्या काही आल्या नाहीत.

हा मावा पिवळाधमक असतो, पाय काळे. कण्हेरीवरही हाच येतो. गंमत म्हणजे या सगळ्या माद्याच. नराची गरज नाही, अंडी नाहीत, थेट पिल्लं. आणि आईच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढू लागलेली असते. म्हणून सोमवारी चार दिसले की पुढच्या सोमवारी शेंडा पिवळा झालेला असतो. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात आणि ते शेजारच्या झाडावर जातात. नत्राचं खत जास्त दिलंत तर कोवळा पाला फुटतो, म्हणजे माव्याला पंगतच वाढलीत.

उपाय दोन बोटांचा. शेंडा चिमटीत धरून अलगद चोळायचा किंवा पाण्याची धार मारायची. त्याआधी मात्र पान उलटून बघा. टाचणीच्या डोक्याएवढा, पिवळसर पांढरा, उभ्या रेघांचा एकुलता एक ठिपका दिसला तर ते फुलपाखराचं अंडं. केसासारख्या दांड्यावर अंडं असेल तर ते क्रायसोपा नावाच्या किड्याचं. त्याची अळी मावा खाते. आणि माव्याच्या गर्दीत एखादा फुगलेला, बदामी, जागचा न हलणारा दिसला तर त्याला मुळीच पुसू नका. त्याच्या आत एका चिमुकल्या गांधीलमाशीचं पिल्लू माव्याला खाऊन वाढतंय. ढालकिडेही (लेडीबर्ड) मावा खायला येतात, फक्त थोडा धीर धरावा लागतो. मुंग्यांची रांग दिसली तर आधी ती तोडा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात.

शेंगांवरचे लाल-काळे ढेकूण बी शोषतात. बी हवं असेल तर झटकून टाका, नाहीतर राहू द्या.

लागवडीत फार काही नाही. ऊन भरपूर हवं. उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशातल्या बऱ्याच जातींचं बी महिनाभर ओलसर करून फ्रीजमध्ये ठेवलं की चांगलं उगवतं. हळदीकुंकू या लाल-पिवळ्या फुलांच्या मिल्कवीडला त्याची गरज नाही. त्याची अडचण वेगळी. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे ते बाराही महिने हिरवं राहतं आणि पानांवर मोनार्कच्या एका परजीवीचे बीजाणू साचत जातात. म्हणून अमेरिकेच्या दक्षिण भागात ते शरद ऋतूत वीतभर ठेवून छाटा, असं सांगतात.

रोपवाटिकेतून रोप आणताना, त्यावर काय मारलंय हे विचाराच. मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक पानात बरेच दिवस टिकतं. ज्या रोपावर एकही कीड नाही आणि पानाला एकही भोक नाही, ते मी हल्ली घेत नाही.

आणि छाटताना हातमोजे घाला. चिकाचा हात डोळ्याला लागला तर बुबुळाला सूज येते आणि समोरचं धूसर दिसायला लागतं. चुकून लागलाच तर डोळा चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना गाठा.