आरती झाली की गाडी बंद

श्रोतेहो, नमस्कार.

आज छोट्या रेल्वेबद्दल बोलायचं आहे. प्लायच्या फळीवर रूळ, त्यावर इंजिन, मागे चार डबे, एक स्टेशन, एक फाटक, घाट असेल तर घाट. इंग्रजीत याला मॉडेल रेल्वे लेआउट म्हणतात, आमच्या घरी 'ते पसारा प्रकरण' म्हणतात. खेळणं म्हणा, मला राग नाही.

आधी एक हिशेब, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप आहे 1:87. खरी वस्तू 87 पटींनी लहान करायची. साडेपाच फुटांचा माणूस या मापात दोन सेंटिमीटरही भरत नाही. खरा एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. बार्शी लाईट ही आपल्याकडची जुनी नॅरोगेज रेल्वे मिरजेपासून लातूरपर्यंत 325 किलोमीटर होती. ती पूर्ण करायची म्हटली तर पावणेचार किलोमीटर रूळ टाकावे लागतील. एवढं घर कुणाकडे असतं? म्हणून सोडत जायचं. सांगोला सोडा, पंढरपूर सोडा, कुर्डुवाडी सोडा. जड जातं ते. माझ्या फळीवर येडशी, ढोकी आणि लातूर उरलंय, आणि मधलं मुरूड गाळलं म्हणून तिथल्या लोकांनी मला अजून माफ केलेलं नाही.

बार्शी लाईटच का, असं विचारतात. प्रेम आहेच, पण कारण रुळांच्या रुंदीचंही आहे. बाजारात तयार मिळणारे 1:87 चे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या रेल्वेवरून काढलेले. आपला ब्रॉडगेज 1676 चा. 87 ने भागलं की सव्वाएकोणीस येतात. म्हणजे आपलं रुंद इंजिन त्या रुळांवर ठेवलं की लुगडं नेसून तारेवर चालल्यासारखं दिसतं. मनमाड-सिकंदराबादचा जुना मीटरगेज 1000 चा, तो साडेअकरा येतो. आणि बार्शी लाईट अडीच फुटांची, 762 मिलिमीटर. भागा 87 ने. पावणेनऊ! आणि नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो, तो एन नावाच्या आणखी लहान मापासाठी बनवतात. पुन्हा सांगतो, रूळ नऊचा घ्यायचा आणि डबे मात्र 87 च्या मापाने बांधायचे. जमलं.

रूळ मिळतो, बार्शी लाईटचं इंजिन मात्र जगात कुठल्या दुकानात तयार पडलेलं नाही. एनच्या इंजिनाचा खालचा सांगाडा घ्यायचा, मोटार-चाकांसकट, आणि वरचं अंग आपण करायचं. बॉयलरला वायरिंगचा पाईप. डबे लग्नपत्रिकांचे. हल्ली पत्रिका इतक्या जाड छापतात की एका पत्रिकेत आख्खा डबा निघतो. मोठ्या लग्नांचा एवढा एक उपयोग मला सापडलाय.

ही रेल्वे बांधणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे भारी माणूस. 1897 मध्ये बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा सुरू झाला, 1911 मध्ये गाडी लातूरला पोचली, 1927 मध्ये दुसरं टोक मिरजेला गेलं. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त ओझं टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि इंजिनापासून वॅगनपर्यंत सगळं त्याच हिशेबात बसवलं. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवर भरपूर माल हलला. हेच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागे लागले, पहिल्या महायुद्धाच्या काळात. रेल्वेवाल्याने पॅराशूट बनवावं! पण आपल्याकडे त्यांचं नाव कुठल्या चौकाला आहे का? जाऊ द्या. 2007-08 च्या सुमारास कुर्डुवाडी-लातूर भाग ब्रॉडगेज झाला. 2016 च्या एप्रिलात लातूरला पाणी घेऊन जलदूत ही मालगाडी आली ती याच मिरज-लातूर वाटेने. पहिल्या खेपेला 10 वॅगन, पाच लाख लिटर. अडीच फुटी रुळांवरून ते पाणी आलं असतं का, हा प्रश्न मला जुन्या गाडीचं कौतुक करताना टोचतो.

आता त्रास. इंजिनाला वीज मिळते रुळांतून. एक रूळ धन, दुसरा ऋण, 12 व्होल्ट, आणि चाकं ती वीज उचलून मोटारीला देतात. म्हणजे चाक आणि रूळ यांच्यामध्ये काहीही आलं की गाडी थांबली. पुन्हा सांगतो, काहीही. आणि मराठवाड्यात हवेत काय कमी आहे? धूळ आहे, फुफाटा आहे, शेजारी बांधकाम असेल तर सिमेंट आहे. वर उन्हाळा. पत्र्याच्या खोलीत एक मीटर रूळ 25 अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो, तेव्हा दोन तुकड्यांमध्ये फट ठेवावीच लागते. पावसाळ्यात प्लाय फुगतो, ते वेगळंच.

शेत दाखवायला आपली काळी माती वापरावीशी वाटते. वापरा, पण वस्त्रगाळ करा आणि तिच्यातून आधी चुंबक फिरवा. आपली माती काळ्या दगडाची, तिच्यात लोखंडाचे चुंबकी कण असतात, ते उडून मोटारीतल्या चुंबकाला चिकटतात आणि मोटार कुरकुरायला लागते. आधी चुंबक, मग माती. रुळाखालची खडी म्हणजे क्रशरची कच, रव्याच्या चाळणीने चाळलेली. तिच्यातूनही चुंबक फिरवायचाच. चाळण परत स्वयंपाकघरात ठेवायची नाही, नवी आणून द्यायची. झाडांना तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या उत्तम.

तर आता मला जे खरं सांगायचंय ते.

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. लेआउट माडीवरच्या खोलीत होता, तिथे मेमध्ये पाय ठेववत नाही. खाली बैठकीत आणायची परवानगी मागितली, तर सौभाग्यवतींनी अट घातली: महालक्ष्म्यांपुढे आरास म्हणून मांडायचा. मी एका पायावर तयार. मखरापुढे फळी लावली, मागे ज्येष्ठा-कनिष्ठा भरजरी साड्यांत उभ्या, पुढे त्यांची बाळं, आणि त्यांच्या पायांशी येडशीचा घाट. मालगाडीच्या वॅगनमध्ये काय भरलं असेल? तूरडाळ. लातूरहून दुसरं काय जाणार!

पहिल्या दिवशी आवाहन. गल्लीतली सगळी पोरं फळीभोवती. गाडी अशी चालली, अशी चालली, की मी मनातल्या मनात कॅलथ्रॉपना नमस्कार केला. संध्याकाळी आरती झाली, पोरं परत धावत आली, मी बटण फिरवलं. गाडी हललीच नाही. बोटाने ढकलली, वीतभर गेली, थांबली. पुन्हा ढकलली, पुन्हा थांबली. पोरं म्हणाली, "काका, डिझेल संपलं." 

वीज मोजायचा मीटर आणला, रुळांना टोकं लावली. 12 व्होल्ट. वीज आहे आणि गाडी नाही! मेहुणे म्हणाले मोटार जळली. शेजारचे म्हणाले नजर लागली, लिंबू-मिरची बांधा. मी इंजिन उलटं करून सुट्या वायरी थेट चाकांना लावल्या, तर चाकं गरगर फिरली. म्हणजे मोटार चांगली, वीज चांगली, गाडी बंद. सकाळी सवयीप्रमाणे फडकं मारलं, गाडी सुरू. दुपारी पूजन, नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, आरती. आरतीनंतर गाडी बंद.

आमच्या आत्याबाई कोपऱ्यात पाटावर बसून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "आरती झाली की बंद पडलाली बघ ती. म्या काल बी बघितलं. महालक्ष्मीला पसंत न्हाई."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. कारण कशामुळेही होत असो, आत्याबाईंनी वेळ बरोबर पकडली होती. आरतीच्या आधी चालते, आरतीच्या नंतर नाही. आरतीत काय असतं? कापूर. धूप. तुपाचं निरांजन. आणि आमच्याकडे आरती म्हणजे पाच-सहा आरत्या, टाळ्या-झांजांवर, स्पीकर लावून नाही. स्पीकरवरच्या आरतीला आरती म्हणायला माझी तयारी नाही, पण तो विषय निराळा. तेवढा वेळ ताट फिरतं, ते नेमकं फळीवरून. मी रुळावरून बोट फिरवलं. बोट काळं.

कापराची काजळी! श्रोतेहो, कापूर जळताना धूर किती काळा निघतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात तुपाचा ओशटपणा. त्याचा पातळ थर रुळावर बसला की चाकाला वीज मिळत नाही. मग मीटर 12 व्होल्ट कसा दाखवत होता? मीटरची टोकं अणकुचीदार. ती थर भेदून खाली धातूला टेकतात, चाक गोल, ते वरून सरकतं. मीटरवर विश्वास ठेवा, पण त्याचं टोकही बघा.

सुती कापडाच्या घडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, रूळ पुसले. पुसले, घासले नाहीत. हे लक्षात ठेवा: पॉलिश पेपर लावायचा नाही. त्याने बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी काजळी त्या चऱ्यांत घर करते. रूळ असतात जर्मन सिल्व्हरचे, तांबं, निकेल आणि जस्त यांचे, चांदी त्यात औषधालाही नाही. पुसून स्वच्छ होतात. गाडी सुरू झाली. मी आत्याबाईंना सगळं समजावून सांगितलं, कापूर, काजळी, थर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग म्या दुसरं काय म्हणलालते?"

थांबा, संपलं नाही. संध्याकाळी हळदी-कुंकू. बायकांची ही गर्दी. गाडी आता थांबत नव्हती, पण ढोकीला रुळावरून घसरायला लागली. प्रत्येक फेरीला, त्याच सांध्यावर. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारं ते सरकतं पातं असतं ना, तिथे.

त्याच वेळी प्रसादाला आमच्या मागच्या गल्लीतले एक काका आले. उभी हयात नॅरोगेजवर सांधेवाला म्हणून काढलेले. ते फळीपाशी आले, चष्मा काढला, आणि बघण्याऐवजी कान फळीजवळ नेला. म्हणाले, "हलवा." मी सांधा हलवला. "पुन्हा हलवा." हलवला. "पातं बसंना. मधी खडा हाय." मी म्हटलं, काका, इथे खडा कुठून येणार? ते म्हणाले, "चिमटा आणा." भुवया कोरायचा चिमटा आणून दिला. त्यांनी पात्यामागून अलगद एक दाणा काढला. अक्षता! कुंकू लागलेला तांदळाचा अर्धा दाणा. नमस्कार करताना कुणीतरी वाहिलेली अक्षता उडून सांध्यात बसली होती, पातं केसभर उघडं राहत होतं, आणि चाकाला केसभर पुरतं.

काकांनी मग सांगितलं की खऱ्या सांध्यातही हेच. पातं आणि रूळ यांच्यामध्ये खडा अडकला की सांध्याला कुलूप लागत नाही, आणि कुलूप लागल्याशिवाय गाडी सोडायची नाही. "तुमच्या सांध्याला कुलूपच न्हाई. हे गैर हाय," म्हणाले. आणि स्टूल ओढून सांध्याच्या खटक्यापाशी बसले. ताट वाढलं तर म्हणाले, "ही एवढी क्रॉसिंग होऊ द्या." पुरणपोळी गार झाली. तुपाबरोबर ती गारही चांगली लागते, दुधाबरोबर खाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पोरांना गाडी जोरात पळवायची होती. काकांनी तंबी दिली, एवढी पळत नव्हती. मग हिशेब केला: ताशी 25 किलोमीटर धरले तर 1:87 मध्ये सेकंदाला आठ सेंटिमीटर. तेवढ्यावर बटण लावलं. पोरं कंटाळून पांगली. आणि त्या वेगाने गाडी घाट चढायला लागली, तेव्हा पोरांच्या जागी एकेक मोठी माणसं येऊन उभी राहिली. कुणी पांगरीचं, कुणी ढोकीचं. एक आजी म्हणाल्या, पाण्याचा हौद विरुद्ध बाजूला होता. दुसऱ्या म्हणाल्या, नव्हता. ते भांडण विसर्जनापर्यंत चाललं. हौद मी सध्या न चिकटवता नुसता ठेवलाय, ज्या आजी येतील त्यांच्या बाजूला सरकवायला.

कुणाला सुरुवात करायची असेल तर सहा फूट बाय तीन फूट फळी आणि एक लंबगोल पुरे. नऊ मिलिमीटरचा रूळ फार कमी जागेत वळतो. सांधे सुरुवातीला दोनच. पुण्याला गेलात तर कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघा, 1998 पासून आहे, सोबत पोरं न्या म्हणजे तुम्हाला जाण्याचं निमित्त होतं.

आणि रूळ पुसायचे, घासायचे नाहीत.

यंदासाठी आत्याबाईंचा निरोप आलाय: गाडीला दोन डबे वाढव आणि आरतीच्या वेळी वरून प्लास्टिक टाक. काकांचाही आलाय: सांध्याला कुलूप बसवलं का? ते कसं बसवायचं, त्याची तार कुठून ओढायची, हे आज सांगणार होतो, पण समोर काचेपलीकडून खूण झाली आहे, वेळ संपलाय. नमस्कार.