बोट लावलं आणि आलेख सरकला

श्रोतेहो, नमस्कार. गच्चीवर टीव्हीचा अँटेना होता, ते दिवस आठवतात? एकजण वर, एकजण जिन्यात, एकजण टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" पाइप धरला की चित्र स्वच्छ, सोडला की मुंग्या. नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवर पाइप धरायचं काम माझ्याकडे असायचं. आपल्या हाताने चित्र का सुधारतं, हे मात्र फार पुढे एका लहानशा अँटेनाने मला शिकवलं.

त्याला म्हणतात अल्ट्रावाइडबँड अँटेना. टीव्हीच्या अँटेनाला ठरावीक चॅनलं पुरतात, याला मात्र फ्रिक्वेन्सीचा भलामोठा पट्टा एकदम लागतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००२ साली ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ हा पट्टा खुला केला. ताकद मात्र इतकी थोडी ठेवली, की सगळा पट्टा वापरूनही अर्ध्या मिलिवॅटच्या आसपासच. स्पंद अतिशय छोटे असतात, म्हणून लहर कधी निघाली आणि कधी पोचली ते नेमकं मोजता येतं आणि गाडीची डिजिटल किल्ली किती लांब आहे ते वीतभराच्या आत कळतं.

अडचण आकाराची. ३.१ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ९७ मिलिमीटर लांब, तिचा चौथा हिस्सा २४. वरच्या टोकाचं इवल्याशा तांब्यावर भागतं, खालचं टोक जागा मागतं. पुन्हा सांगतो, खालचं टोक जागा मागतं.

आमच्या नवी मुंबईच्या कॉलेजात एका विद्यार्थिनीने हा अँटेना २० बाय २५ मिलिमीटरमध्ये बसवला. रबाळ्याच्या एमआयडीसीतून बोर्ड करून आणला. पुढे पणतीच्या आकाराचं तांबं, मागच्या बाजूला निम्म्याहून कमी भागात ग्राउंड, म्हणजे प्रवाहाची दुसरी बाजू सांभाळणारं तांबं. कनेक्टर तिने स्वतः सोल्डर केला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नुसतं सिम्युलेशन जोडून प्रोजेक्ट पूर्ण समजण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. संध्याकाळी पाचला लॅबला कुलूप लावणंही पटत नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने उभ्याने येणाऱ्या मुलांनी बोर्ड तपासायचा कधी?

तर, नेटवर्क अ‍ॅनालायझरला केबल जोडली. कुठल्या फ्रिक्वेन्सीला अँटेना किती लहर परत फेकतो, त्याचा आलेख हे यंत्र काढतं; जिथे दरी, तिथे अँटेना चांगला चालतो. "सर, तीनलाच सुरू होतोय!" म्हणजे तीन गिगाहर्ट्झपासूनच चालतोय. सिम्युलेशन म्हणत होतं ३.६. प्रत्यक्षात त्याहून चांगलं! सगळे खूश. फोटो काढायला तिने केबल दोन बोटांनी जरा बाजूला केली आणि ३.२ जवळची दरी टुणकन सरकली. हात काढला, परत जागेवर. बोटं केबलवरून पुढेमागे नेली, तशी दरीही चालायला लागली. खोलीत कुणी बोलेना.

मी तेव्हा मनाने थेट नौपाड्याच्या गच्चीवर होतो. पाइप धरला की मीच अँटेनाचा भाग व्हायचो! इथेही तेच. ग्राउंड इतका लहान, की त्यावरचा प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवर उतरत होता. म्हणजे केबलच अँटेना झाली होती. लक्षात ठेवा, मोजताना केबलच अँटेना झाली होती. किल्लीत कुठली आलीय केबल? तिथे तो तीनला सुरू झालाच नसता.

तीन आठवडे, चार बोर्ड. पणतीच्या एका कडेला तिने खाच पाडली. प्रवाह वरच्या तांब्यावरच जास्त राहावा, ग्राउंडवरची भिस्त कमी व्हावी, म्हणून. बोर्ड २५ बाय २५ झाला, पण त्या पाच मिलिमीटरचं मला जराही वाईट वाटलं नाही. पाच गिगाहर्ट्झच्या वायफायचा त्रास नको म्हणून तांब्यात इंग्रजी यू अक्षरासारखी एक फटही कोरली.

चौथा बोर्ड जोडल्यावर तिने आलेखाकडे बघितलंच नाही. आधी केबल चिमटीत धरली आणि मला म्हणाली, "सर, आता तुम्ही बघा." मी पडद्याजवळ गेलो. आलेख केसभर हलला, तेवढाच.