काँक्रीट पडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. बांधकाम प्रकल्पावर राबणारी मंडळी सहसा एका संस्थेची नसतात. मालक, वास्तुविशारद, स्ट्रक्चरल सल्लागार, कंत्राटदार आणि त्याच्या हाताखालचे उपकंत्राटदार एका कामापुरते एकत्र येतात आणि इमारतीचा ताबा दिला की पांगतात. जुन्या ओळखीतून मुरणाऱ्या विश्वासाची वाट पाहण्याइतकी सवड त्यांच्यापाशी नसते.

स्लॅब भरण्याची आदली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. एका पट्ट्यात सळयांमधले अंतर नकाशात दाखवल्यापेक्षा जास्त पडले आहे, हे सळई बांधणाऱ्या मुकादमाच्या लक्षात येते. उद्या काँक्रीट पडले की ही चूक झाकली जाईल. 28 दिवसांनी ठोकळे दाबून होणारी चाचणी काँक्रीटची ताकद सांगते, सळयांविषयी ती काहीच सांगत नाही. मुकादम बोलला तर काम एक दिवस लांबेल. तो बोलेल की नाही, हे त्याच्या सचोटीवर जितके अवलंबून आहे, तितकेच मागच्या खेपेस बोलणाऱ्याचे काय झाले यावरही आहे. त्याच्या बिलातून दंड कापला गेला असेल, तर यंदा सारे गप्प बसतील आणि तपासणीच्या कागदावर सह्या मात्र सगळ्यांच्या असतील.

बांधिलकीचा पैशाशी असलेला संबंध आपण उगीच टाळतो, असे मला वाटते. (‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य बिले थकलेल्या साइटवरच जास्त ऐकू येते.) ब्रिटनमध्ये सर मायकेल लॅथम यांच्या 1994 च्या अहवालाने बांधकाम उद्योगातील तंटे आणि देण्यांची रखडपट्टी यांवर बोट ठेवले, आणि 1996 च्या कायद्याने ‘वरून पैसे आले तरच खाली देईन’ ही अट, वरचा देणेकरी दिवाळखोर झाल्याचा अपवाद वगळता, निष्प्रभ ठरवली. तंटा निवाड्याकडे सोपवल्यावर साधारण 28 दिवसांत निर्णय मिळण्याची सोयही त्याच कायद्याने केली.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे 2008 मध्ये सुरू झालेले पाचवे टर्मिनल बांधताना मालक कंपनीने याच्याही पुढे जाऊन प्रकल्पाची जोखीम स्वतःकडे घेतली, जेणेकरून अडचण दिसताच कंत्राटदारांनी दोष कोणाचा यावर वाद न घालता ती सोडवायला बसावे. एवढी ऐपत प्रत्येक मालकाची नसते, हे मान्य. परंतु ठरल्या तारखेला बिल चुकते करणे, नकाशाविषयीच्या शंकेला त्याच आठवड्यात लेखी उत्तर देणे आणि चूक आपणहून सांगणाऱ्याला दंडातून वगळण्याचे कलम करारात घालणे छोट्या मालकालाही जमण्यासारखे आहे.