रसायनांच्या निर्यातीत कोण भारी?

रसायनांच्या निर्यातीत आयर्लंड चीनच्या पुढे आहे, असं म्हटलं तर पटेल? एका मापाने ते खरं आहे. बेला बलासा या अर्थतज्ज्ञाने 1965 साली हे माप रूढ केलं. देशाच्या एकूण निर्यातीत रसायनांचा वाटा किती, आणि जगाच्या निर्यातीत किती? पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. समजा, 20 टक्के आणि 10 टक्के, उत्तर दोन. एकच्या वर गेलं की पारडं जड.

जगात सर्वाधिक रसायनं बनवणारा चीन इथे एकच्या खाली राहतो. तो फोन, यंत्रं, कपडे एवढे विकतो की रसायनांचा टक्का त्यात दबून जातो. आयर्लंडच्या मालनिर्यातीत मात्र निम्म्याहून जास्त वाटा औषधं आणि रसायनांचाच. त्यातल्या कितीतरी कंपन्या अमेरिकी, कमी कर बघून आलेल्या. तेव्हा हा आकडा जरा जपूनच वापरावा.

त्यापेक्षा लुडविग्सहाफेनला चला. जर्मनीत, ऱ्हाइनकाठी, सुमारे दहा चौरस किलोमीटरवर पसरलेला बीएएसएफ या रसायन कंपनीचा कारखाना. जिकडे बघावं तिकडे पाइप, सगळे मिळून 2,800 किलोमीटरच्या घरात. एका प्लँटची उष्णता दुसरा वापरतो, त्यातून उरलेला पदार्थ तिसऱ्याचा कच्चा माल होतो. याच कंपनीची कृत्रिम नीळ 1897 मध्ये बाजारात आली आणि बिहारमधला निळीचा धंदा बसला. मळेवाल्या साहेबांनी तोटा कुळांच्या माथी मारला. ते गाऱ्हाणं ऐकायला 1917 साली गांधीजी चंपारणला गेले.

एवढा जुना दबदबा, पण तो उभा स्वस्त नैसर्गिक वायूवर. 2022 मध्ये रशियाचा वायू आटला, भाव भडकले. पुढच्याच वर्षी कंपनीने इथला अमोनियाचा एक प्लँट बंद करायचं जाहीर केलं. त्याच वेळी चीनच्या झानजियांगमध्ये तिचा अब्जावधी युरोंचा नवा कारखाना उभा राहत होता.

आणि आपण? रंग, कीटकनाशकं, औषधं यांत भारताची निर्यात दमदार. तारापूर, महाड, लोटे इथल्या एमआयडीसींतला माल परदेशी जातो. पण औषधांचे मूळ घटक मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात. प्लॅस्टिकसाठी लागणारं इथेन तर अमेरिकेतून. तिथे शेल वायूमुळे, म्हणजे खडकांच्या थरांतून काढलेल्या वायूमुळे, ते मुबलक आहे. उणे 90 अंशांच्या आसपास गार करून, द्रवरूपात, ते जहाजांनी गुजरातच्या दहेज बंदरात उतरतं. एवढा समुद्र ओलांडूनही परवडतं.