दांडीला सुतळी बांधली कोणी?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'व्यावसायिक लॉन मोव्हर : सुरक्षित जोडणी, वापर आणि देखभाल' आणि वेळ दिलाय ४० मिनिटं, त्यातली दहा सत्कारातच गेली. शाल मिळाली, नारळ मिळाला, तक्रार नाही. पण मग नंतर मला घड्याळ दाखवायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

समोर बहुतेक सोसायट्यांचे सेक्रेटरी, मॅनेजर आणि बागांची कामं घेणारे ठेकेदार दिसतायत. मागच्या दोन रांगांत माळी मंडळी बसलीयत. मामा, पुढे या की, खुर्च्या रिकाम्या आहेत... नाही येणार, बरं राहू द्या. तर मोव्हर म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. खाली पातं, वर इंजिन, मागे हँडल आणि हँडलला ती आडवी दांडी, सेफ्टी लिव्हर. हँडलबरोबर दाबून धरली तर मशीन चालतं, सोडली की बंद. आता खरं सांगा, तुमच्याकडे ती दांडी सुतळीने बांधून ठेवलीय की नाही? सुतळी नसेल तर झिप टाय असेल, काळी चिकटपट्टी असेल, एका ठिकाणी तर मी राखी बघितलीय. हसताय काय, खरंच राखी होती, सण झाल्यावर चांगला मजबूत धागा वाया कशाला घालवा.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि माईक मिळेल तिथे मी हेच बोलतो, की सुतळी दिसली की माळ्यावर ओरडायचं नाही. मशीन निवडलं कोणी आणि जोडलं कोणी ते आधी विचारायचं.

ती दांडी आली कुठून ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९८२ पासून घरगुती मोव्हरना नियम लागू झाला, की माणसाने हात सोडला की ३ सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. विचार साधा आहे, माणूस हँडल सोडून डेककडे, म्हणजे पात्यावरच्या पत्र्याच्या झाकणाकडे जाऊन वाकेपर्यंत पातं थांबलेलं असावं. २१ इंची पातं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटर येतो, घरी गेल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा. त्या वेगात खडा उडाला तर तो कुठे जाईल हे बघायला वेळ मिळत नाही, कुठे गेला होता एवढंच नंतर कळतं. आणि गंमत अशी, की तो नियम घरगुती मशीनसाठी आहे. मोठ्या, वजनदार, धंद्याच्या मशीनना तो लागू नाही, कारण त्यांच्यामागे शिकलेला माणूस आहे असं धरून चाललेलं असतं. आपल्याकडे त्या मोठ्या मशीनमागे कोण असतं? काल रुजू झालेला मुलगा, पायात स्लिपर, आणि शिकवलं काय तर 'ही दोरी ओढ'.

आता तो किस्सा. ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी चहाचं बघून या.

एक सोसायटी होती, नाव सांगत नाही, त्यातले दोघं आज इथे असतील अशी मला शंका आहे. मोव्हर घ्यायचा ठरला, मीटिंगांवर मीटिंगा झाल्या, तीन कोटेशन आली, सगळ्यात स्वस्त पास झालं. खोका आला. दुकानदार म्हणाला जोडणीचे वेगळे पैसे. झालं, एक सभासद उठले, म्हणाले मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, चार बोल्टचं काम, पैसे कसले द्यायचे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खोका उघडला, भोवती दहाबारा जण, लहान मुलं वेगळी. ऑईलच्या झाकणाला एक लाल कागद बांधला होता, इंजिनमध्ये ऑईल नाही, आधी भरा म्हणून. नवीन इंजिन बऱ्याचदा कोरडंच येतं, ठेकेदार मंडळींना हे तोंडपाठ आहे. तर तो कागद मध्ये येतो म्हणून पहिला कापला. नशीब की एका आजोबांनी कचऱ्यातून उचलून तो वाचला, नाहीतर इंजिन त्या रविवारीच गेलं होतं. ऑईल आलं, भरलं, हँडल उभं राहिलं, टाळ्या झाल्या. आणि पिशवीत एक बोल्ट उरला.

साधा बोल्ट नाही हं. वर वेटोळं असलेला, डुकराच्या शेपटीसारखा. सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. इंजिनीअर साहेब म्हणाले, कंपन्या एखादा जास्तीचा देतात. असं म्हणून तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेला, शिक्क्यांशेजारी.

त्या बोल्टचं काम काय ते सांगतो, आजच्या भाषणातलं एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी शाल वसूल झाली. स्टार्टरची दोरी इंजिनमधून निघते, ती वर ओढून हँडलवरच्या त्या वेटोळ्यात अडकवायची असते, म्हणजे दोरीची मूठ हँडलपाशी येते. मग डाव्या हाताने दांडी दाबून धरायची, उजव्या हाताने दोरी ओढायची, आपण मशीनच्या मागे, पाय पात्यापासून लांब. अमेरिकेच्या नियमात तर लिहिलंय, की हात सोडल्यावर इंजिनच बंद होणार असेल आणि दोरीने सुरू करायचं असेल तर मूठ हँडलच्या वरच्या टोकापासून २४ इंचांच्या आत हवी, नाहीतर मशीनला चहूबाजूंनी पाय वाचवणारं कवच हवं. आता तो बोल्ट ड्रॉवरमध्ये, म्हणजे दोरीची मूठ कुठे राहिली? खाली, इंजिनपाशी. दांडी सोडलेली असली की इंजिनचा ब्रेक लागलेला असतो, दोरी हलत नाही. दांडी धरावी तर हात इंजिनपर्यंत पोचत नाही. मी त्या माळीमामांना विचारलं, मामा, सुतळी कशाला बांधलीत? ते म्हणाले, "साहेब, हात दोनच दिलेत देवाने."

मला तिथे बोलावलं होतं ते अर्थात सुतळीसाठी नाही. चेअरमनच्या गाडीची काच फुटली होती म्हणून. दिवाळीत मुलांनी लॉनच्या कडेला किल्ला केलेला, किल्ला गेला, दगड आणि तारा गवतात राहिल्या. मामा गवताची पिशवी रिकामी करायला मागचं झाकण उचलतात, सुतळीमुळे पातं चालूच, त्यातून एक खडा थेट काचेवर. मीटिंग भरली, मामांच्या पगारातून काच कापायचं ठरलं, ठराव लिहूनसुद्धा झाला होता! मी म्हटलं आधी ड्रॉवर उघडा. उघडला, शिक्के बाजूला केले, बोल्ट निघाला. पाना घेऊन पाच मिनिटांत बसवला. ठराव कोणी रद्द केला की नुसताच विसरला ते मला माहीत नाही, पण काचेचे पैसे कापले नाहीत एवढं मामांनी सांगितलं.

तरी पुढे काही दिवसांनी सुतळी परत आलीच. का? आता निवडीचा मुद्दा. स्वस्तातलं मशीन घरगुती असतं, दांडी सोडली की इंजिनच बंद. घरच्या छोट्या लॉनला ठीक आहे. पण मोठ्या लॉनवर दर थोड्या वेळाने पिशवी भरते, दरवेळी बंद, दरवेळी दोरी. एप्रिलच्या उन्हात ते तुम्ही करा, मी सुतळी आणून देतो. धंद्याच्या मशीनमध्ये ब्लेड क्लच येतो, दांडी सोडली की पातं थांबतं, इंजिन चालू राहतं. पिशवी रिकामी करा, या, दांडी धरा, पुढे चला. हे मशीन महाग असतं, म्हणून कोटेशन उघडल्यावर पहिलं तेच बाद होतं, आणि मग त्या वाचवलेल्या पैशांच्या बदल्यात माळ्याची बोटं पणाला लागतात. हे मी रागाने बोलतोय, मला माहितेय.

बरं, राग बाजूला. मोव्हर शोधला कोणी माहितीये का? एडविन बडिंग, इंग्लंडमधल्या स्ट्राउडचा, १८३० साली पेटंट घेतलं. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या, तिथे कापडावरचे तंतू सारखे कापायचं फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं, ते बघून याला गवत सुचलं. सांगतात की शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून तो रात्री चालवून बघायचा. आपल्याकडे रात्री मोव्हर चालवला तर शेजारी वेडा म्हणणार नाहीत, सरळ पोलीस बोलावतील. पुढे मोठ्या मैदानांवर घोडे जुंपलेले मोव्हर आले, घोड्यांच्या खुरांनी लॉन खराब होऊ नये म्हणून त्यांच्या पायात कातडी बूट घालायचे. १९व्या शतकात घोड्याला बूट होते. मी एवढंच बोलतो आणि मागच्या रांगेतल्या पायांकडे बघतो.

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मी म्हटलं होतं ना घड्याळ दाखवू नका. बरं, वापर आणि देखभाल दहा मिनिटांत, ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या.

जोडणीतलं राहिलेलं आधी. हँडलची उंची चालवणाऱ्या माणसाप्रमाणे लावा, बहुतेक मशीनमध्ये दोनतीन भोकं दिलेली असतात. दांडीची केबल कुठे दुमडलेली नाही ना, दांडी सोडल्यावर पूर्ण मागे येते ना, पातं खरंच थांबतं ना, हे पहिल्या दिवशीच मोकळ्या जागेत बघा. मागचा रबरी पडदा आणि बाजूचं झाकण काढून ठेवायचं नाही, गवत अडकतं म्हणून लोक काढतात, ते तुमच्या पायासाठीच दिलंय.

चालवताना. आधी लॉनवर एक फेरी मारायची हातात बादली घेऊन, खडे, फरशीचे तुकडे, ड्रिपच्या खुंट्या, मुलांचे बॉल. संक्रांतीनंतर मांजा, हा नीट बघा, तो पात्याच्या शाफ्टला गुंडाळत जातो आणि वरचं ऑईल सील कापतो, मग ऑईल गळायला लागलं की लोक इंजिनला शिव्या देतात. उतारावर आडवं चालायचं, वरखाली नाही, घसरलात तर एकतर मशीन तुमच्यावर नाहीतर तुम्ही मशीनखाली. १५ अंशांपेक्षा जास्त उतार असेल तर मोव्हर नकोच. मशीन स्वतःकडे ओढत कापायचं नाही, पायाची बोटं तशीच जातात. ओलं गवत शक्यतो नको, पावसाळ्यात उघडीप मिळाली की दुपारी कापा, डेकमध्ये गोळा बसतो आणि मग कोणीतरी हात घालतो. हात घालायच्या आधी इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला, नुसतं बंद करून भागत नाही, पातं हाताने फिरवलं की इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, सहा सेंटीमीटरचं चारवर आणा. सेक्रेटरी म्हणतात एकदाच बारीक करा म्हणजे महिना बघायला नको, आणि मग लॉन पिवळं पडलं की खत कोणतं ते मला विचारतात.

देखभाल. मशीन आडवं करताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर, नाहीतर ऑईल फिल्टरमध्ये. पातं काढताना मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, हाताने धरायचं नाही. धार मूळच्याच कोनात लावा, दोन्ही बाजू सारखी, मग मधल्या भोकात खिळा घालून भिंतीवर टांगून बघा, एक बाजू खाली गेली तर तिकडून अजून घासा. तोल नसलेलं पातं सगळं मशीन थरथरवतं. बसवताना वर वळलेली टोकं डेककडे, उलटं बसवलेलं पातं मी दर सीझनला बघतो, गवत कापत नाही म्हणून नवीन मशीनचं कोटेशन मागवलेलं असतं! बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आकडा पुस्तकात असतो.

नवीन इंजिनचं पहिलं ऑईल लवकर बदलायचं, कुठे ५ तासांनी, कुठे २०, पुस्तक बघा, पुढे ५० ते १०० तासांनी. तासांनी म्हणतोय, वर्षांनी नाही. रोज सहा तास मशीन चालवणाऱ्या ठेकेदाराचे १०० तास तीन आठवड्यांत संपतात आणि सर्व्हिसिंगचा करार असतो वार्षिक. एअर फिल्टर आपल्या धुळीत रोज बघा. प्लगची फट बऱ्याच इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर, पुस्तक बघा.

पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, बऱ्याच जुन्या छोट्या इंजिनांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. गाडीच्या ॲव्हरेजचं मला विचारू नका, त्यावर वेगळी सभा भरवावी लागेल. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनाभर मशीन उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरची वाटीसुद्धा. पेट्रोल भरताना इंजिन गार हवं, आणि भरायचं बाहेर, पंपरूममध्ये नाही.

कानाला मफ, डोळ्याला गॉगल, पायात टोकाला लोखंड असलेले बूट. हे तिन्ही मशीनच्या कोटेशनमध्येच धरा, नंतर कोणी घेत नाही.

झालं. हो, मामा, बोला, माईक द्या त्यांना. ...बूट सोसायटीने घ्यायचे की ठेकेदाराने? दोघंही पहिल्याच रांगेत बसलेत. आधी कोण बोलतंय?